डावखुरा कसा घडवतात

मला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही, आणि हे मी सगळ्या कोचना पहिल्याच भेटीत सांगून टाकलं होतं. त्यांना ते आवडलं. काही न कळणाऱ्या बाईला समजावून सांगायची संधी कुठला पुरुष सोडतो? आणि मला तेच हवं होतं. मी पनवेलच्या एका कॉलेजात मानसशास्त्र शिकवते, आणि निर्णय घेताना माणूस नेमका कुठे घसरतो हा माझा अभ्यासाचा विषय आहे. आमच्याकडे हल्ली दिसेल त्या मोकळ्या प्लॉटवर लहान पोरांचे फुटबॉलचे क्लास सुरू झालेत. तिथला कोच चहा संपायच्या आत पोरांच्या नशिबाचा निकाल लावून मोकळा होतो. हा घ्या, तो बसवा, त्याच्या बापाला सांगा क्रिकेटला घाला. हा निकाल कशावरून लागतो, ते मला मोजायचं होतं.

मोजायची रीत साधी होती. गावोगावच्या मैदानांवर मी पोरांच्या खेळाच्या छोट्या क्लिप काढल्या, त्यांच्या आईवडिलांना विचारून, आणि कुणाचंही नाव कुठे येणार नाही असा शब्द देऊन. मग एकेका कोचला कॉम्प्युटरसमोर बसवायचं, क्लिप दाखवायची आणि विचारायचं, दहापैकी किती मार्क? बस, एवढंच. त्यात एक खोच होती. सगळे कोच एक रड रडायचे, की डावखुरा पोरगा मिळत नाही. डाव्या बाजूने पळून डाव्या पायाने मारणारा म्हणजे त्यांना सोनं. म्हणून मी काही क्लिप आरशासारख्या उलटवून ठेवल्या. त्यात उजव्या पायाने खेळणारा पोरगा डाव्या पायाने खेळताना दिसायचा. तोच पोरगा, तोच चेंडू, तीच चूक. आधी सरळ क्लिप दाखवायची, मध्ये बाकीच्या भरपूर दाखवायच्या, आणि शेवटी उलटी.

झालं काय, तर उलट्या क्लिपला मार्क चढायचे. सरळ क्लिपमध्ये जो ‘बरा आहे, पण जड आहे’ असायचा, तोच उलट्या क्लिपमध्ये ‘काय टच आहे हो मॅडम’ व्हायचा. मी घरी येऊन एकटीच हसायचे. आपल्या भाषेत डाव्या हाताच्या माणसालाही डावखुराच म्हणतात, म्हणजे शब्दात हात नाही, खूर आहे. हे कोच तर अक्षरशः खूर बघून बैल घ्यायला निघाले होते. तेव्हा मला त्याची गंमत वाटत होती.

त्यांच्यातला एक कामोठ्याचा होता. मूळ गावातला, घरच्या जमिनी प्रकल्पात गेलेल्या, आता प्लॉटचे व्यवहार करणारा. संध्याकाळी मात्र सगळं सोडून पोरांना फुकट शिकवायचा, वर गाडीच्या डिकीतून उकडलेली अंडी आणि केळी काढून वाटायचा. वाईट माणूस नव्हता हो. वाईट असता तर मला सोपं गेलं असतं. तरुणपणी गावोगावच्या स्पर्धा गाजवलेल्या, आणि आपली नजर चुकत नाही हा त्याचा ठाम समज होता. ‘पोरगा चालत आला ना, तरी मी सांगतो किती पानी हाय,’ असं तो म्हणायचा.

जासईकडच्या एका मैदानावरची उलटी क्लिप लागली तेव्हा तो खुर्चीत पुढे सरकला. एक किडकिडीत पोरगा चेंडू घेऊन कडेने पळतो, दोघांना चुकवतो आणि गोलाच्या बाहेर मारतो. मागे कंटेनरच्या थप्प्या दिसतात. एवढीच क्लिप.

‘थांबवा,’ तो म्हणाला. ‘परत लावा. हा कोनाचा पोरगा?’

‘सांगता येत नाही. नियम आहे.’

‘अहो मॅडम, तुमाला कळतंय का हे काय हाय? मी पंधरा वर्सं असा डावरा शोधतोय.’ गावाकडे डावखुऱ्याला डावराच म्हणतात. त्याने दहापैकी दहा दिले. हाच पोरगा सरळ क्लिपमध्ये चहाच्या आधी त्याने पाहिला होता. तेव्हा ‘पुढचा दाखवा’ म्हणून हात झटकला होता.

मी पुढची क्लिप लावली. सगळ्या कोचचं काम संपल्यावरच उलट्या क्लिपचं सांगायचं, असं ठरलं होतं. आधी सांगितलं तर बाकीचे सावध होतील, आणि मोजणं संपलंच. त्यात आठवडाभर गेला. मग सगळ्यांना बोलावून मी सांगून टाकलं. कोच लोक खो-खो हसले. कामोठ्याचा तर सगळ्यात मोठ्याने हसला. ‘गंडवलात की आमाला, मॅडम,’ म्हणाला. माझ्या जिवाला बरं वाटलं.

दुसऱ्याच दिवशी त्याचा फोन आला. ‘मॅडम, तुमचा डावरा सापडला.’

मला आधी समजेचना. मग कळलं. माझ्या क्लिपमधल्या कंटेनरच्या थप्प्या पाहून त्याने मैदान ओळखलं होतं. सगळ्यांबरोबर हसला, त्याच्या आधीच तो गाडी घेऊन जासईला जाऊन आला होता, आणि पळण्याच्या लकबीवरून पोरगा बरोबर हुडकून काढला होता. त्याला विचारलं, ‘डावरा ना रे तू?’ आणि त्या पोराने, ज्याला आजवर कुणी मैदानाच्या मधोमध बोलावलं नव्हतं, त्याने ‘हो’ म्हटलं.

मी संध्याकाळी कामोठ्याच्या मैदानावर गेले. मैदान म्हणजे चहूबाजूंनी पत्रे ठोकलेला प्लॉट. कोपऱ्यात तो पोरगा एकटाच चेंडू मारत होता. डाव्या पायात बूट आणि उजवा पाय उघडा. कोचने सांगितलं, ‘उजव्यानं मारायची सवय लागलीय त्याला. उघडा ठेवला की लागतंय, मग आपोआप डावा पुढं येतो.’ डाव्या घोट्याला नजर लागू नये म्हणून काळा दोराही बांधला होता. पोराचा उजवा अंगठा सोललेला होता.

‘अहो, तो डावखुरा नाही,’ मी म्हटलं. ‘काल सांगितलं ना, क्लिप उलट्या होत्या. तुम्हीही हसलात.’

‘बाकीच्यांच्या असतील उलट्या. ह्याची नाय.’

मी तिथेच लॅपटॉप उघडला. दोन्ही क्लिप शेजारी-शेजारी लावल्या. त्याने शांतपणे दोन्ही पाहिल्या, आणि सरळ क्लिपवर बोट ठेवून म्हणाला, ‘ही उलटी हाय.’

‘अहो, कंटेनर बघा. तुम्ही त्या मैदानावर जाऊन आलात ना? कंटेनर कुठल्या हाताला आहेत?’

‘कंटेनर रोज हलतात, मॅडम. त्यांचा कामच तो.’ मग माझी कीव आल्यासारखा हसला. ‘तुमी शिकल्या-सवरल्या, पन हे आमचं काम. पोरगा समोर डाव्यानं मारतोय. हातच्या काकणाला आरसा कशाला?’

आरशानेच तर सगळा घोळ घातला होता. पालथ्या घड्यावर पाणी, दुसरं काय. मी चिडले, बरंच वाकडंतिकडं बोलले. तो ऐकून घेत राहिला आणि पोराला म्हणाला, ‘मॅडमला केळं दे.’

पोरगा मला पत्र्याच्या फाटकापर्यंत सोडायला आला. बारा वर्षांचा, वयाच्या मानाने शांत. मी त्याला विचारलं, ‘तू उजवाच आहेस ना रे?’

‘हो.’

‘मग?’

‘मॅडम, सर मला ट्रायलला नेणार हायत. नेऱ्याकडं हॉस्टेल हाय फुटबॉलचं. शाळा, जेवन, सगळं तिथंच. या वर्सी नाय झालं तर पुढच्या वर्सी माझा वय बसत नाय.’ मग हळूच म्हणाला, ‘तुमी काय बोलू नका ना. मी शिकीन डावा.’

मी त्याला सांगायला हवं होतं आणि सांगितलंही, की तू उजव्या पायाने चांगला खेळतोस. त्याची सरळ क्लिप मी एवढ्या वेळा पाहिली होती, की फुटबॉल न कळणाऱ्या मलाही त्याचा पाय ओळखीचा झाला होता. भारी नसेल, पण स्वच्छ खेळायचा. उजव्याने ट्रायल दिली तर आशा होती. पण उजव्याने खेळणाऱ्या पोराला तिथवर नेणार कोण? त्याचंही बरोबर होतं. मी घरी आले आणि रात्रभर चिडचिड केली.

त्याची आई पनवेलच्या मच्छी मार्केटमध्ये बसते. खाडीकडच्या गावातली कोळीण, नवरा बंदरात कामाला. त्यानंतर मी मासळी तिच्याकडेच घ्यायला लागले, म्हणजे पोराची बातमी कळावी म्हणून. तिथेच मी पुढचा प्रकार डोळ्यांनी पाहिला.

कोच एकदा तिच्या पाटीसमोर उभा होता. त्याने विचारलं, ‘वयनी, पोरगा लहानपनी डावरा होता ना?’

‘नाय ओ सर,’ ती म्हणाली, सुरमई कापता-कापता. ‘सगल्या पोरांवानीच होता.’

‘नीट आठवा. जेवताना डावा हात घालायचा ना ताटात?’

‘बारकी पोरं दोनी हात घालतात. शेंबडाचा हात पन घालतात.’ शेजारच्या बायका हसल्या, ती पण हसली.

‘तेच म्हनतो मी,’ कोच म्हणाला. ‘तुमी मग हातावर मारायच्या.’

‘मग मारनार नाय? डाव्या हातानं कोन जेवतं?’

कोचने माझ्याकडे वळून पाहिलं. सिद्ध झालं, असं त्याच्या चेहऱ्यावर लिहिलं होतं. मी तिला म्हटलं, ‘ताई, सगळ्याच आया हातावर मारतात. माझ्या आईनेही मला मारलंय.’ तिने मान हलवली, पण सुरी थोडी थांबली होती.

पुढच्या खेपेला ती आपणहून म्हणाली, ‘मॅडम, आठवलं मला. तो पयला घास डाव्याच हातानं घ्यायचा.’ त्यानंतर कधीतरी म्हणाली, ‘मी त्याचा हात पदरानं बांधून ठेवायची.’ शेजारच्या पाट्यांवरच्या बायका भर घालायच्या. एक म्हणाली, आमच्यात पण एकाचा डावा हात असाच मोडलेला, मारून-मारून उजवा केलेला. दुसरी म्हणाली, तो तोतरा झाला. ती हे सगळं ऐकत बर्फ फोडत राहायची, आणि दर वेळी तिच्या आठवणीत एखादी नवी गोष्ट यायची. आठवण म्हणजे काही डब्यात भरून ठेवलेली साखर नव्हे. ती दर वेळी नव्याने शिजवावी लागते, आणि शेजारी उभा असलेला माणूसही तिच्यात चिमूटभर काहीतरी टाकून जातो. हे मी वर्षानुवर्षं वर्गात शिकवते. डोळ्यांसमोर होताना पाहिलं नव्हतं, आणि पाहिल्यावर थांबवता आलं नाही.

मी प्रयत्न केला नाही असं नाही. तिला लॅपटॉपवर दोन्ही क्लिप दाखवल्या. तिने दोन्हींत फक्त आपला पोरगा पाहिला. ‘किती बारीक दिसतोय,’ एवढंच म्हणाली. कोचला मी फोन करून करून दमले. शेवटी तो म्हणाला, ‘मॅडम, आता त्याची आई सांगते, डावरा हाय. तुमी आईच्या वर?’ मी फोन ठेवला.

ट्रायलच्या दिवशी मी स्वतः नेऱ्याला गेले. एका फार्महाऊसच्या मागे ते मैदान आहे, वरून अगदी हिरवंगार, खालून कडक. डोंगर जवळ असल्यामुळे तिथे ऊन उशिरा चढतं. पोरांचे बाप कुंपणाला रांगेत उभे होते. कोच होता, मासळीचं काम सोडून आई आली होती, आणि निवड करणारे दोघे खुर्च्या टाकून बसले होते. पोराच्या डाव्या घोट्याला चिकटपट्टी गुंडाळलेली होती. महिनोन् महिने एकाच पायावर जोर देऊन तो सुजला होता.

मी कुणाला न विचारता त्याच्याजवळ गेले. ‘ऐक माझं. आज उजव्याने खेळ. त्या दोघांना काय माहीत तू कोण आहेस? त्यांना डावा-उजवा काही सांगितलेलं नाही.’

त्याने कुंपणाकडे पाहिलं. ‘सर बघतायत,’ म्हणाला. ‘आई पन आलीय.’

खेळ सुरू झाला. पहिला बराच वेळ चेंडू त्याच्याकडे आलाच नाही, आणि आला तेव्हा डाव्याने मारलेला पास भलतीकडे गेला. मग एकदा तो मध्यातून निसटला. समोर फक्त गोलकीपर होता, आणि चेंडू आयता उजव्या पायावर आला होता. माझ्यासारखीलाही कळलं की आता मारायचा. कुंपणावरचा एक बाप ‘मार’ म्हणाला. त्याचा उजवा पाय उचललाही गेला होता, मी पाहिला. मग तो थबकला, चेंडू डावीकडे ओढून घेतला आणि अंग वळवायला लागला. तेवढ्यात मागचा पोरगा येऊन चेंडू काढून घेऊन गेला. खुर्चीतल्या दोघांपैकी एकाने मान हलवली आणि दुसऱ्या पोराकडे बघायला लागला.

निकाल तिथेच सांगितला. त्याचं नाव आलं नाही.

परत येताना मीही कोचच्याच गाडीत मागे बसले. त्याचा चेहरा पडला होता, त्याला खरंच वाईट वाटत होतं. मला वाटलं, आता तरी पाहिलं असेल त्याने. उजवा पाय आपोआप उचलला गेला, तो मी पाहिला तर त्याने पाहिलाच असणार. आणि पाहिला होताच त्याने. मागे वळून तो आईला म्हणाला, ‘बगितलंत ना वयनी? डोकं सांगतंय डावा, पाय जातोय उजवा. लहानपनी डावा हात मोडून उजवा केला की असाच होतो. ना धड हा, ना धड तो. माझ्याकडं दोन वर्सं आधी आला असता तर काय तरी केलं असतं.’

आई खिडकीबाहेर बघत होती. पोरगा आमच्या मध्ये बसला होता. मी कोचला म्हटलं, ‘तोंड सांभाळून बोला.’ तो म्हणाला, ‘मी त्यांना दोष देत नाय, मॅडम. आपल्यात समदे असंच करतात.’

पुढच्या काही दिवसांत ती मार्केटात दिसली नाही. शेजारणीने सांगितलं, घरीच असते, जेवत नाही नीट. म्हणून एका रविवारी दुपारी मी तिच्या घरी गेले. ठरवून गेले होते, की आज हिचं डोकं साफ केल्याशिवाय उठायचं नाही. मी तिला पहिल्यापासून सांगितलं. क्लिप मी उलटवली, माझ्या कामासाठी. तुझा मुलगा जन्मापासून उजवा आहे. कोचची नजर फसली, आणि त्याने तुझीही आठवण फसवली. तू काही केलेलं नाहीस. एकेक शब्द सावकाश, जसं मी कुणालाच कधी समजावलं नसेल.

तिने सगळं ऐकलं. मग माझ्या हातावर हात ठेवून म्हणाली, ‘तुमी लय चांगल्या हाव मॅडम. माझा मन राखाला एवढ्या लांब आलाव.’

‘मन राखायला नाही गं. खरं तेच सांगतेय.’

‘मला आठवतंय ना पन,’ ती म्हणाली. ‘उलथना तापवून चटका दिलेला मी त्याला. रडला किती. ही बगा जागा पन आठवते, चुलीजवल.’

चटक्याचं मी पहिल्यांदाच ऐकत होते. पोराच्या हातावर कसलाही डाग नव्हता, आणि मी तसं तिला म्हटलं. ‘बारक्या पोरांचा डाग भरून येतो,’ ती म्हणाली, आणि जेवायला वाढायला उठली.

मांदेलीचं कालवण आणि भात. पोरगा माझ्या समोर ताटावर बसला. त्याने उजवा हात भातावर नेला, तर आईने तो हलकेच धरून बाजूला ठेवला, आणि त्याचा डावा हात उचलून ताटात ठेवला. आमच्याकडे पाहुण्यासमोर डाव्या हाताने जेवणं म्हणजे पोराला चापट बसायची गोष्ट. तिने तो हात दोन्ही हातांनी ताटात धरून ठेवला होता.

‘आये, मी उजवा हाय,’ पोरगा म्हणाला. बहुतेक रोज म्हणत असावा, कारण आवाजात काही उरलं नव्हतं.

‘तुला काय आठवनार? तू दोन वर्साचा होता,’ ती मायेने म्हणाली. ‘जेव.’

त्याने डाव्या हाताने घास कालवला. बोटं नीट जुळेनात, भात फटीतून निसटला, अर्धा हनुवटीवर आणि अर्धा मांडीवर सांडला. तिने माझ्याकडे पाहिलं. डोळे भरून आले होते.

‘बगा मॅडम,’ ती म्हणाली. ‘त्याचा सोताचा हात, आनि घास पन धरता येत नाय. एवढा मोडलाय मी त्याला.’

पोराने वर पाहिलं नाही. मांडीवर सांडलेली शितं तो डाव्या हाताने वेचत राहिला.